बुद्धिबळाचं इंजिन लिहिताना क्लास कुठे ठेवायचे, कुठे काढायचे

दोन माणसांनीच मोबाईलवर खेळायचं असेल तर घोडा, उंट, हत्ती असे वेगळे क्लास (म्हणजे कोडमधले साचे, ज्यांतून ऑब्जेक्ट बनतात) खुशाल करा, वेग कुणाला जाणवणारही नाही. अडचण येते ती संगणकानेच चाली शोधायच्या, म्हणजे इंजिन लिहायचं म्हटलं की. तेव्हा तेच फंक्शन सेकंदाला लाखो वेळा चालतं.

१. तरीही आधी ऑब्जेक्टवालंच रूप लिहा. मंद चालेल, चुकीचं नको. मग सुरुवातीच्या पटापासून कायदेशीर चालींच्या वाटा मोजा. पांढऱ्याची एक चाल झाली की २०, काळ्याचीही झाली की ४००, पुढे ८,९०२, १,९७,२८१ आणि पाचव्या पातळीला ४८,६५,६०९. तिथे नेमके २५८ कमी पडले तर आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने तिरकं मारणं) राहून गेलंय. कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) या मोजणीत येतच नाही, त्यासाठी वेगळा पट मांडा.

२. आता प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावा. अंदाजाने कोड पिळू नका. बहुतेकदा वेळ जातो तो दर चालीला पटाचा नवा ऑब्जेक्ट बनवण्यात. त्यापेक्षा एकाच पटावर चाल करा आणि मागे घ्या. त्यासाठी मारलेली सोंगटी, कॅसलिंगचे हक्क, आँ पासाँचं घर आणि पन्नास चालींच्या बरोबरीच्या नियमाची मोजणी जपून ठेवावी लागते. चालीलाही क्लास नको, १६ बिट पुरतात: कुठून ६, कुठे ६, प्याद्याची बढती वगैरेला ४.

३. एवढ्यानेही भागलं नाही तर बिटबोर्ड, म्हणजे एकेका प्रकारच्या सोंगट्यांची घरं एका पूर्णांकाच्या बिटांत. स्टॉकफिश हे नावाजलेलं इंजिनही तेच वापरतं. घरं ६४, पूर्णांकही ६४ बिटांचा. ए१ म्हणजे बिट ०, एच८ म्हणजे ६३. बी१ वरच्या घोड्याची घरं ११, १६ आणि १८. दोन घरं वर, एक उजवीकडे म्हणजे १७ ची भर. पण एच१ (७) वरून १७ पुढे गेलात तर २४, म्हणजे ए४! घोडा पटाबाहेर पडून दुसऱ्या कडेने आत शिरला. म्हणून ६४ घरांचा तक्ता सुरुवातीलाच, कडा तपासून, भरून ठेवा. शोधताना फक्त तक्त्यातला आकडा उचलायचा आणि आपल्या सोंगट्यांची घरं वगळायची.

४. क्लास हद्दपार करायचे नाहीत. खेळाडू, घड्याळ, पडदा, डावाची नोंद तिथे ते शोभतात. शोधाच्या आत मात्र नुसते आकडे.

आणि ते मंद रूप पुसू नका. दोन्ही रूपांना एकच पट द्या. पहिल्या चालीनिहाय आकडे ताडून पाहा. फरक पडेल ती चाल करून एक पातळी खाली उतरा, पुन्हा ताडा. थोड्याच पातळ्यांत चुकलेली चाल समोर येते.