ठाण्याहून बँकॉक: शुक्रवार ते सोमवार, धावपळ न करता

चार दिवसांत बँकॉक नीट पाहता येतं. बँकॉकसोबत पट्टाया, सफारी, फ्लोटिंग मार्केट आणि अयुथ्थया हे सगळं कोंबलं, तर चारपैकी दीड दिवस गाडीत जातो आणि आठवणीत फक्त ट्रॅफिक उरतो. म्हणून पहिलाच निर्णय पक्का करा: या खेपेला फक्त बँकॉक. दुसरा निर्णय उन्हाचा. सकाळी आठ ते साडेअकरा बाहेर, दुपारी एसीत, चारनंतर पुन्हा बाहेर. सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर हे पाळाच.

हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बरी असते. एप्रिलमध्ये आपल्या मे महिन्यासारखं उकडतं, त्यात 13 ते 15 एप्रिल सोंगक्रान, म्हणजे रस्तोरस्ती पाण्याची धुळवड. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धो धो पाऊस. आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत विमानाचं तिकीट चढतं. शाळेची अडचण नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीतला लांब शनिवार-रविवार गाठा.

तिकिटावरची तारीख आणि नाव

मुंबईहून बँकॉकची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. तिकिटावर 'शुक्रवार, 00:40' असेल तर घरातून निघायचं गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन पोहोचलात तर विमान जाऊन एक दिवस झालेला असतो आणि बहुतेक वेळा पैसेही बुडतात. घरच्या कॅलेंडरवर विमानाची नाही, घरातून निघायची वेळ लिहा.

उलवे, खारघर, पनवेलच्या लोकांनी आणखी एक गोष्ट बघायची. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत, त्यामुळे तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून भागत नाही. कोड बीओएम असेल तर सहारचं टर्मिनल 2, एनएमआय असेल तर नवी मुंबई. बँकॉकलाही दोन विमानतळ आहेत: बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन मुआंग. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. जाताना एक आणि येताना दुसरा असं तिकीट निघू शकतं, म्हणून दोन्ही बाजूंचे कोड तपासा.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं असतात. बऱ्याच पासपोर्टांवर पहिली दोन मिळून 'गिव्हन नेम' मध्ये असतात, काहींवर आडनावाची जागाच रिकामी असते. आधार कार्डावरून किंवा सवयीने नाव टाकू नका. पासपोर्ट समोर उघडा ठेवून टाइप करा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर तिकीटही माहेरच्याच नावाने. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने हवी. ती कमी असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आधी, विमानाचं तिकीट नंतर.

जुलै 2024 मध्ये भारतीय पर्यटकांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय 60 दिवसांपर्यंतचा प्रवेश खुला झाला. हे नियम सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघा. व्हिसा नसला तरी डिजिटल अरायव्हल कार्ड लागतं. 1 मे 2025 पासून ते सक्तीचं आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते थायलंडच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर भरायचं. ते पूर्ण मोफत आहे. शोधताना पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं वर येतात, तिथे कार्डाचा नंबर देऊ नका. भरल्यावर येणारा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत छापूनही घ्या. सोबत परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर असू द्या. अधिकारी विचारू शकतात.

पैसे

बाथचा, म्हणजे थायलंडच्या चलनाचा, भाव अलीकडे अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये राहिला आहे. हिशोबाला सरळ तिनाने गुणा, म्हणजे फटका बसत नाही. थोडे बाथ इथूनच घ्या, टॅक्सी, बोट आणि पहिल्या दिवसाच्या जेवणापुरते. नौपाडा किंवा वाशीत दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि पावती घ्या. बाकीसाठी फॉरेक्स कार्ड. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले की दर वेळी 220 बाथच्या घरात शुल्क लागतं, म्हणून थोडे थोडे नको, एकदाच काढा. मशीनने 'रुपयांत आकारू का?' विचारलं तर नाही म्हणा आणि बाथ निवडा. रुपयांचा भाव मशीनवाल्यांच्या फायद्याचा असतो. आपल्या यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. हजाराची नोट टॅक्सीवाला किंवा गाडीवरचा विक्रेता मोडून देईलच असं नाही. पाण्याची बाटली घेताना सेव्हन-इलेव्हनमध्ये मोडा.

राहायचं कुठे

स्वस्त हॉटेल रेल्वेपासून लांब असेल तर ते स्वस्त नसतं. स्टेशनपासून बॅग ओढत पाच-सात मिनिटांत पोहोचता येईल असंच निवडा. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला आम्ही फाया थाई किंवा रात्चथेवी सुचवतो. सुवर्णभूमीच्या तळघरातून सुटणारी एअरपोर्ट रेल लिंक फाया थाईला संपते. साधारण अर्धा तास आणि 45 बाथ. तिथूनच बीटीएस, म्हणजे वरून धावणारी स्कायट्रेन, मिळते. असोकही सोयीचं, कारण बीटीएस आणि भुयारी एमआरटी तिथे जुळतात. प्रतुनामला भारतीय जेवण भरपूर आहे, पण रस्ते तुंबलेले. खाओसान रोड रात्री जागा असतो आणि जवळ रेल्वे नाही, तेव्हा ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर टाळा.

चौघं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी परवडते. विमानतळाच्या पहिल्या मजल्यावर मशीनमधून टॅक्सीची चिठ्ठी घ्या आणि ती जपून ठेवा. मीटर 35 बाथपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे 50 बाथ आणि टोल वेगळा. शहरात मीटर टाकायला नकार देणारी टॅक्सी सोडून द्या आणि ग्रॅब किंवा बोल्ट ॲपवरून बोलवा.

सकाळी सहाला उतरलात तरी खोली दुपारी दोनला मिळते, हे धरूनच शुक्रवार आखा. बॅगा रिसेप्शनला ठेवा, आंघोळीचे कपडे वरच्या पिशवीत असू द्या. रात्रीची झोप झालेली नसते, तेव्हा राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, या दिवशी नको. सकाळी लुंपिनी पार्क, तिथे तळ्याकाठी चांगल्या हातभर घोरपडी उन्हात पडलेल्या असतात. मुलांना लांबूनच दाखवा. मग चिट लोम स्टेशनाजवळचं एरावान, म्हणजे ब्रह्मदेवाचं 1956 मधलं देऊळ. चौकातल्या गोंगाटात झेंडूच्या माळांचा ढीग आणि उदबत्तीचा धूर. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ क्वचितच सापडतं, तिथे मात्र ऑफिसला जाणारी माणसं वाट वाकडी करून हात जोडतात. दुपारी खोली, झोप.

शनिवार: नदीचा दिवस

सगळ्या सहलीत नीट आखायचा दिवस हाच. राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ('वाट' म्हणजे बौद्ध मंदिर) ही तिन्ही नदीकाठी एकमेकांजवळ आहेत, पण क्रम चुकला की उन्हात दोन-अडीच किलोमीटर जादा चालणं होतं. कारण सनाम चाय हे मेट्रो स्टेशन वाट फोच्या दक्षिणेला आहे आणि राजवाड्यात पर्यटकांना प्रवेश थेट उत्तरेच्या बाजूने, ना फ्रा लान रस्त्यावरून. मेट्रोने उतरणारे लोक राजवाड्याच्या लांबलचक पांढऱ्या भिंतीकडेने घामाघूम होत चालताना दिसतात.

त्यापेक्षा बीटीएसने सफान ताक्सिन, खाली साथोर्न धक्का, तिथून नारिंगी झेंड्याची बोट. भाडं 16 बाथ. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट महाग आहे. धक्क्यावर ती घेण्याचा आग्रह होतो, नम्रपणे पुढे जा. बोटीत तिकीट देणारी बाई हातातली लांब धातूची नळी खुळखुळवत येते, सुटी नाणी काढून ठेवा. नऊ नंबरचा धक्का था चांग, तिथे उतरा. दरवाजा पाच मिनिटांवर.

राजवाडा साडेआठला उघडतो, शेवटचं तिकीट साडेतीनला. माणशी 500 बाथ. राजघराण्याच्या समारंभांमुळे तो किंवा त्याचा काही भाग बंद असू शकतो, ते आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरच बघा. रस्त्यावर विचारू नका. भिंतीजवळ नीटनेटक्या कपड्यातला एखादा माणूस 'आज बंद आहे, बौद्ध सण आहे, तोवर 20 बाथमध्ये टुकटुक सगळं फिरवून आणेल' असं गोड इंग्रजीत सांगतो. ती टुकटुक रत्नांच्या आणि शिंप्याच्या दुकानांत नेते. त्याच्याशी वाद नको, सरळ तिकिटाच्या खिडकीपर्यंत चालत जा.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले. स्लीव्हलेसवर ओढणी घेतली तर चालेल असं धरू नका. हाफ पँट, फाटक्या जीन्स, घट्ट लेगिंग अडवतात. सुती पंजाबी ड्रेस किंवा सैल पँट उत्तम. पायात सहज निघणारी चप्पल, कारण दिवसभर काढ-घाल चालते.

आतली 'पाचूचा बुद्ध' म्हणून ओळखली जाणारी मूर्ती खरं तर हिरव्या जेडची, अवघी 66 सेंटिमीटर. ऋतूनुसार वर्षातून तीनदा तिची वस्त्रं बदलतात. पण गर्दी मूर्तीपाशी थांबते आणि भोवतालची ओवरी तशीच सोडून जाते. तसं करू नका. त्या ओवरीच्या भिंतींवर 178 चित्रांत अख्खं रामकियन, म्हणजे थायलंडचं रामायण, रंगवलेलं आहे. उत्तरेच्या दारापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालत गेलात तर कथा क्रमाने उलगडते. पांढरा हनुमान ओळखायला कुणाची मदत लागत नाही. आजी-आजोबांना इथे अर्धा तास द्या. गाइडपेक्षा तेच नातवंडांना जास्त चांगलं सांगतील.

तिथून दक्षिणेला वाट फो, 300 बाथ. पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब, तळपायांवर शिंपल्याच्या जडणाची 108 चिन्हं. मूर्तीमागे 108 कांस्यपात्रं ओळीने मांडली आहेत. नाणी घेऊन एकेक टाकत जायचं, तो टिंगटिंग आवाज मुलांना फार आवडतो. समोरच था तियेन धक्का, पाच बाथमध्ये नदीपलीकडे वाट अरुण. तिकीट 200 बाथ, पायऱ्या उभ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालूनच कळसावरचं चिनीमातीचं काम पाहावं. तिन्ही मिळून माणशी 1000 बाथ, चौघांचे दहा-बारा हजार रुपये, एवढे त्या दिवसासाठी बाजूला ठेवा. राजवाडा आणि वाट फोमध्ये 120 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नसतं.

रविवार-सोमवार

चतुचक बाजार शनिवार-रविवारीच पूर्ण भरतो. एमआरटीच्या कंफेंग फेत स्टेशनातून थेट बाजारात निघता येतं. नऊला पोहोचा, बाराला निघा. एखादी वस्तू आवडली की भाव करून तिथेच घ्या. 27 विभागांच्या त्या गल्ल्यांत 'नंतर येऊ' म्हटलेलं दुकान पुन्हा सापडत नाही. घ्यायचंच नसेल तर निदान गाळ्याच्या नंबराचा फोटो काढा. चुकामूक झाली तर भेटायची जागा मधला घड्याळाचा मनोरा.

चारच्या सुमारास त्याच एमआरटीच्या निळ्या मार्गाने हुआ लंफोंग, तिथे वाट त्रायमितचा साडेपाच टनांच्या घरातला सोन्याचा बुद्ध. 1955 मध्ये मूर्ती हलवताना वरचा गिलावा फुटला, तोवर आत सोनं आहे हे कुणाला माहीत नव्हतं. पुढे याओवारातची, म्हणजे चायनाटाउनची, रोषणाई. तिथल्या खाण्याच्या बऱ्याच गाड्या सोमवारी बंद असतात, म्हणून ही फेरी रविवारीच.

सोमवारी सकाळी साम योत स्टेशनाजवळ फाहुरात, म्हणजे कापडबाजार आणि लिटल इंडिया. तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगरही असतो.

शाकाहारी मंडळींसाठी

'व्हेज' शब्दावर विसंबू नका. भाज्यांच्या डिशमध्येही माशाचा सॉस, नाम प्ला, पडतो आणि स्वयंपाक्याच्या लेखी तो मांसाहार नसतो. 'जे' हा शब्द वापरा. पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 17 सारखं दिसणारं अक्षर म्हणजे 'जे': मांस, मासे, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. म्हणून जैन कुटुंबांनाही ते बरंच सोयीचं. बाकी ठिकाणी 'माइ साइ नाम प्ला, माइ साइ खाइ', म्हणजे माशाचा सॉस नको, अंडं नको. पहिल्या दिवसापुरते थेपले आणि कोरडा चिवडा घरून न्या. नळाचं पाणी पिऊ नका.

ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, बॅगेत असली तरी अडचण. कोडीनचं खोकल्याचं औषध इथेच ठेवा. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. परतताना कुणाचंही पार्सल घेऊ नका, ओळखीच्याचंही नाही. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर गांजा वारंवार पकडला गेला आहे, आणि बॅग ज्याची, गुन्हा त्याचा.

परतीच्या दिवशी सुवर्णभूमीवर तीन तास आधी पोहोचा. इमिग्रेशन झाल्यावर लगेच दुकानांत शिरू नका. समोरच समुद्रमंथनाचं भव्य शिल्प आहे, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये वासुकी. गेट लांब असतं, चालायला पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात, तेव्हा फोटो काढून मगच पाण्याच्या बाटल्या भरा आणि निघा.