आयबीडीच्या रुग्णांची वरची एंडोस्कोपी: या चुका टाळा

आयबीडी म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार, मुख्यतः दोन: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार. क्रोन्स मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो. म्हणून क्रोन्सच्या रुग्णाला सतत मळमळ, उलट्या, गिळताना दुखणं किंवा जेवल्यावर वरच्या पोटात कळा येत असतील, तर तोंडातून दुर्बीण घालून बघावं लागतं. लहान मुलांमध्ये आयबीडीची नुसती शंका असली तरी कोलोनोस्कोपीबरोबर (गुदद्वारातून मोठ्या आतड्याची तपासणी) हीही करतात. ‘जुलाब होतात, मग घशातून कशाला?’ म्हणून पालकांनी ती टाळू नये. दोन्ही एकाच भुलीत उरकतात.

दुर्बीण आत असते ती मोजकी मिनिटं. तपासणी फसते ती बहुतेक वेळा तयारीत, नाहीतर बायोप्सीसाठी काढलेल्या तुकड्यांच्या बाटलीत.

जेवण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात नाही, जेवणात मोजायचा. साडेनऊची वेळ असताना सात वाजता कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात एक कप घेतला, की भूलतज्ज्ञ तपासणी पुढे ढकलतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. उपासाची साबुदाणा खिचडीही चालत नाही. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

क्रोन्समुळे जठराचं खालचं तोंड किंवा ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) आकसलं असेल, तर ६ तासही पुरत नाहीत. रात्रीचं जेवण सकाळी उलटीत दिसत असेल, तर ते आधी सांगा. अशा रुग्णाला आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ देतात आणि जास्त वेळ उपाशी ठेवतात. नाहीतर साचलेलं अन्न भुलीत श्वासनलिकेत जाऊ शकतं.

गोळ्यांची यादी लिहूनच न्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मनाने बंद करू नका. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर बीपी कोसळू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टरच ठरवतील. एच. पायलोरी हा जठरातला जंतू शोधायचा असेल तर पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. यातलं काय थांबवायचं तेही विचारूनच. गुडघेदुखीसाठी घेतलेलं डायक्लोफिनॅक तर हमखास सांगायचं राहतं. त्याने पडलेले व्रण क्रोन्ससारखेच दिसू शकतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे ‘आत सगळं नॉर्मल दिसतंय’ म्हणून तुकडे न घेणं. वरवर गुलाबी दिसणाऱ्या अस्तरातही सूज सूक्ष्मदर्शकाखाली सापडते. अन्ननलिका, जठर, ड्युओडेनम, प्रत्येक ठिकाणचे किमान २ तुकडे हवेत, आणि प्रत्येक जागेची बाटली वेगळी. आपल्याकडे आणखी एक घोळ असतो: क्रोन्स आणि आतड्याचा टीबी एकमेकांसारखे दिसतात. टीबीच्या कल्चरसाठीचा (लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्यासाठीचा) तुकडा सलाइनमध्ये ठेवायचा. बाकीचे तुकडे ज्या फॉर्मलिनमध्ये टिकवतात त्यात जंतू मरतात, मग काहीच उगवत नाही. म्हणून टीबीची शंका तपासणीआधीच बोलून घ्या.

बाटल्या नातेवाइकांच्या हाती देऊन लॅबमध्ये पाठवत असतील, तर निघण्याआधी प्रत्येकीवर नाव आणि जागा लिहिलीय का ते बघा, बाटल्या मोजा. चिठ्ठीवर आयबीडी, चालू औषधं आणि कोलोनोस्कोपीत काय दिसलं हे हवंच. नुसतं ‘ॲसिडिटी’ लिहिलेल्या चिठ्ठीला उत्तरही ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ (जठराची जुनी सूज) एवढंच मिळतं. स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब यांसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर अन्ननलिकेतले पांढरे चट्टे कॅन्डिडा या बुरशीचे आणि व्रण सीएमव्ही या विषाणूचे असू शकतात. पॅथॉलॉजिस्टला औषधं माहीत असली, तरच तो ते मुद्दाम शोधेल. उलट, रिपोर्टात गॅस्ट्रायटिस आलं म्हणून लगेच क्रोन्सचा शिक्का नको. आधी एच. पायलोरी नाही ना ते बघायचं. शिवाय अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही जठराला सूज सापडते.

ही दुर्बीण साधारण ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागापर्यंतच जाते. पुढचं लहान आतडं तिला दिसत नाही. त्यासाठी एमआर एन्टरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा एमआरआय.

घशात मारलेल्या स्प्रेने घसा बधिर असतो, तेव्हा तासभर पाणीसुद्धा नको, ठसका लागतो. झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही. हडपसरहून एकट्याने स्कूटरवर येऊन तसंच परत जाण्याचा बेत करू नका, सोबत कुणीतरी आणा. घसा थोडा खवखवणं, ढेकर येणं दिवसभर चालतं. पण छातीत किंवा पोटात वाढत जाणारं दुखणं, मानेला सूज, ताप, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा आणि एंडोस्कोपी झाल्याचं पहिल्यांदा सांगा.