शिलाई मशीनच्या मोटरसाठी घरगुती पायडल रेग्युलेटर

आधी मोटर पाहा. पायाने वेग कमी-जास्त करणारं हे सर्किट फक्त कार्बन ब्रशच्या, म्हणजे युनिव्हर्सल मोटरला चालतं. इंडक्शन मोटर त्यावर नीट मंद होत नाही, गुरगुरत तापते. क्लच आणि सर्वो मोटरींनाही हे लावू नका.

१०० वॉटच्या आसपासच्या, २३० व्होल्ट मोटरसाठी सामान:

- बीटीए १२-६०० ट्रायक (एसी करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच; मुख्य टोकं एमटी-१ आणि एमटी-२, चालू करणारं टोक गेट), डीबी-३ डायक (ठरावीक व्होल्टेजला गेटला धक्का देणारा भाग)
- ५०० किलोओहमचा लिनियर पॉट (दांडा फिरवला की रोध बदलणारा रेझिस्टर), प्लास्टिकच्या दांड्याचा
- १० किलोओहम, अर्धा वॉट रेझिस्टर
- ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट कपॅसिटर
- स्नबरला (ट्रायकला व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणारी जोडी) १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स-२ कपॅसिटर
- १ अँपिअर स्लो-ब्लो फ्यूज, मायक्रोस्विच (पायडल दाबताच लागणारा छोटा स्विच)

ट्रायक बीटीएच घ्या; त्याची धातूची पाठ आतून इन्सुलेटेड असते. बीटी १३६ या ट्रायकच्या पाठीवर मेन्सचं व्होल्टेज असतं.

फेज, फ्यूज, मायक्रोस्विच, मोटर आणि ट्रायकचा एमटी-२ असा क्रम, एमटी-१ न्यूट्रलला. एमटी-२ पासून १० किलोओहम, पुढे पॉट (मधली आणि एक कडेची तार), पुढे कपॅसिटर, त्याचं दुसरं टोक एमटी-१ ला. पॉट आणि कपॅसिटरच्या सांध्यातून डायकमार्गे गेट. स्नबर एमटी-१ आणि एमटी-२ मध्ये. मोटरऐवजी आधी ६० वॉटचा तारेचा बल्ब लावून पाहा, एलईडी नको. पायडल दाबल्यावर उजेड कमी होत असेल तर पॉटची कडेची तार दुसऱ्या कडेला घ्या.

मायक्रोस्विच टाळू नका. ट्रायक बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो आणि मोटर पूर्ण वेगाने सुटते. पाय उचलताच फेज तुटायलाच हवी.

खरी मेहनत पायडलमध्ये आहे. पॉट सुमारे २७० अंश फिरतो, पायडलचं टोक मात्र जेमतेम अडीच सेंटीमीटर खाली जातं. पॉटच्या दांड्यावर १०-११ मिलिमीटर व्यासाची चकती बसवून तिच्यावरून दोरी ओढली की हिशेब जुळतो; परतीला स्प्रिंग. धातूची पेटी असेल तर अर्थिंग हवंच. उघडण्याआधी प्लग काढा.

स्विच लागूनही मोटर नुसती गुंजत असेल तर पॉटला समांतर १ मेगाओहम जोडा. थांबलेली मोटर गुंजत राहिली की जळते. मोटर हळू सुरू न होता एकदम झटक्याने सुटत असेल तर कारण कपॅसिटरमध्ये उरणारा चार्ज: डायक सांध्यावरून काढा, तिथून २२ किलोओहम घेऊन दुसऱ्या ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटरला जोडा, डायक त्यावर लावा. या कपॅसिटरचं दुसरं टोकही एमटी-१ ला.

मंद वेगात जाड शिवणीवर सुई अडेलच. हे सर्किट भार ओळखत नाही. तिथे चाकाला हात द्यावा.