टर्कीच्या शिकारीच्या शॉटगनवरचा रेड डॉट: या चुका टाळा

अमेरिकेत वसंतातला टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "शॉटगनला कसला आलाय नेम? छर्रे पसरतातच की!" निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. टर्कीला नेम धरायचा असतो तो डोक्यावर आणि मानेवर. त्यासाठीचा चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारी निमुळती नळी, इतका आवळलेला असतो की २० यार्डांवर छर्र्यांचा दाट भाग जेमतेम वीतभर रुंद असतो. रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरू देणारं बंदुकीवरचं साधन, चार इंच सरकलेला असेल, तर पक्षी एक तर सुटतो किंवा जखमी होऊन झाडीत निघून जातो. हे दुसरं मला सहन होत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नेम एका काडतुसावर जुळवायचा आणि शिकार दुसऱ्यावर करायची. टंगस्टनचे छर्रे महाग पडतात, म्हणून लोक स्वस्तातल्या शिशाच्या काडतुसांवर डॉट जुळवून घरी जातात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. हंगामाच्या आदल्या दिवशी सहज एक टंगस्टनचं काडतूस झाडून पाहिलं, तर छर्र्यांचा झुबका जवळजवळ सहा इंच वर आणि डावीकडे! काडतूस बदललं की वेग, वजन, धक्का सगळंच बदलतं. चोक बदलला तरी झुबक्याचा मध्य सरकू शकतो. स्वस्त, हलकी काडतुसं वापरा, पण फक्त १५ यार्डांवरून कागद गाठण्यापुरती. शेवटची जुळवणी शिकारीच्याच काडतुसावर, त्याच चोकवर आणि ४० यार्डांवर व्हायला हवी.

कागद निदान तीन फुटी चौरस घ्या. एकच बार काढून लगेच डॉट जुळवण्याचा स्क्रू फिरवू नका. आपल्यापैकी ज्यांनी एनसीसीत .२२ रायफल चालवली आहे, त्यांना ग्रुपिंग आठवत असेल: आधी ग्रुप, मग सुधारणा. इथेही तसंच करायचं. तीन वेगळ्या कागदांवर तीन बार काढा. प्रत्येक कागदावर छर्रे जिथे सर्वात दाट आहेत तिथे १० इंचांचं वर्तुळ काढा. ते नेमाच्या खुणेभोवती काढाल तर फसाल. तिन्ही वर्तुळांचे मध्य खुणेपासून किती लांब पडले ते मोजून सरासरी घ्या.

क्लिकचा, म्हणजे त्या स्क्रूच्या एकेका टप्प्याचा, हिशेबही इथेच चुकतो. बऱ्याच डॉटमध्ये एक क्लिक म्हणजे १ एमओए (कोनाचं एक बारीक माप), म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. ४० यार्डांवर तोच क्लिक झुबका फक्त ०.४ इंच हलवतो. म्हणून चार इंचांसाठी १० क्लिक लागतील, आणि २० यार्डांवर तेवढ्याच चार इंचांसाठी २०. आपल्या डॉटचा क्लिक केवढा आहे ते माहितीपत्रकात आधी पाहा. स्क्रूवरचा बाण झुबका कुठे सरकेल ते दाखवतो. लाल ठिपका बघून फिरवत बसलात तर उलटंच होईल.

क्लिक फिरवूनही झुबका भटकतोय? डॉटला दोष देण्याआधी बंदूक रिकामी करून माउंटचे, म्हणजे डॉट बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या बैठकीचे, स्क्रू तपासा. १२ बोअरचं साडेतीन इंची काडतूस बंदुकीला जबर हादरा देतं. स्क्रूवरचं तेल पुसा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि माहितीपत्रकातल्या मापाने टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळा. मग स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत पेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की स्क्रू फिरला, हे जंगलातही एका नजरेत कळतं. चोकही बार काढता काढता सैल होतो, तोही पाहा.

स्क्रू घट्ट असूनही फरक पडत नसेल, तर बार काढताना तुम्हीच दचकत असाल. मित्राला मधूनच नकली काडतूस भरायला सांगा. चाप ओढताना नळी खाली गेली की उत्तर मिळालं.

ठिपका ताऱ्यासारखा फाटलेला दिसतो, ही तक्रार फार येते. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहा. तिथे तो गोल दिसला, तर दोष बहुधा डोळ्यातल्या ॲस्टिग्मॅटिझमचा (डोळ्याच्या वक्रतेतल्या दोषाचा) आहे, डॉट ठीक आहे. उजेड कमी केला की बराच फरक पडतो. पहाटेच्या अंधारात तर उजेड अगदी मंदच हवा, नाहीतर टर्कीचं डोकंच झाकून जातं.

शेवटचा बार टेबलावरून काढू नका. जमिनीवर बसा, पाठ टेका, बंदूक गुडघ्यावर ठेवा, हंगामात घालणार तेच जाड जाकीट घाला. डॉट उंच बसवलेला असेल तर गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि ठिपका काचेतून गायब होतो. हे कळलं की दस्त्यावर गालाखाली एक पॅड चिकटवा आणि पुन्हा ४० यार्डांवर एक कागद लावा.