एकही पत्र न पाठवता लॉगिनची चाचणी: स्वयंचलित ईमेलसाठी एसएमटीपी

गृहनिर्माण सोसायटीच्या दीडशे सभासदांना देखभालीचे बिल दरमहा आपोआप जावे म्हणून पायथॉनमध्ये छोटीशी स्क्रिप्ट लिहिली, ती चालवली आणि पडद्यावर त्रुटी उमटली, की बहुतेक जण सर्वांत आधी पासवर्ड बदलतात. ही घाई टाळावी. एसएमटीपी म्हणजे ईमेल पाठवण्याची ठरलेली पद्धत. तिच्यात सर्व्हरशी जोडणी, एन्क्रिप्शन (संवाद सांकेतिक करणे), लॉगिन आणि प्रत्यक्ष पाठवणी या चार वेगवेगळ्या पायऱ्या असून त्यांपैकी नेमकी कोणती अडली आहे, हे कळल्याशिवाय काहीही बदलू नये. म्हणूनच लॉगिनची चाचणी स्वतंत्रपणे करावी.

उदाहरणासाठी जीमेलचे खाते घेऊ. रोजच्या वापरातला पासवर्ड येथे चालत नाही, कारण केवळ नाव आणि नेहमीचा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामने लॉगिन करण्याची सोय गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केली. खात्यावर द्विस्तरीय पडताळणी सुरू करून केवळ अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड, म्हणजे अ‍ॅप पासवर्ड तयार करावा. तो १६ अक्षरांचा असतो आणि वाचायला सोपा जावा म्हणून चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. मधल्या मोकळ्या जागा काढून तो उतरवून घ्यावा. तो स्क्रिप्टमध्ये लिहू नये, तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टच्या बाहेर, संगणकाच्या प्रणालीत नोंदवलेल्या मूल्यात) ठेवून तेथून वाचावा, कारण स्क्रिप्ट आज ना उद्या कोणाला तरी दाखवली जाते.

आता एसएमटीपीलिब या पायथॉनच्या अंगभूत मॉड्यूलने जीमेलच्या एसएमटीपी सर्व्हरशी ५८७ या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित प्रवेशद्वारावर) जोडणी करावी आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, १० सेकंदांचा ठेवावा. त्यानंतर स्टार्टटीएलएस (एन्क्रिप्शन सुरू करण्याची आज्ञा), मग लॉगिन आणि लगेच क्विट (जोडणी बंद करण्याची आज्ञा), एवढेच करावे. पत्र पाठवण्याची ओळ या चाचणीत असूच नये. लॉगिनचे उत्तर छापून पाहिल्यावर २३५ हा आकडा दिसला, तर नाव आणि पासवर्ड बरोबर आहेत. ५३५ म्हणजे ते नाकारले गेले. ५३४ आला आणि त्यासोबत अ‍ॅप पासवर्ड हवा असल्याचा मजकूर असला, तर आपण नेहमीचाच पासवर्ड दिलेला आहे. ५३० आल्यास बहुधा स्टार्टटीएलएसची पायरी राहून गेलेली असते.

कोणताही आकडा न येता टाइमआउट झाला, तर पासवर्डला हात लावू नये, कारण तो अजून सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही. कार्यालयाचा फायरवॉल किंवा होस्टिंग कंपनीने बंद ठेवलेले पोर्ट, असे कारण तेथे शोधावे. पोर्टची गल्लतही अशीच फसवते: ४६५ वर एन्क्रिप्शन पहिल्या क्षणापासून अपेक्षित असते, त्यामुळे तेथे साधी जोडणी केल्यास सर्व्हर आपली आणि आपण सर्व्हरची वाट पाहत राहतो. ४६५ साठी याच मॉड्यूलमधला एसएसएलचा, म्हणजे सुरुवातीपासून एन्क्रिप्टेड जोडणीचा, वेगळा वर्ग (क्लास) वापरावा.

पायथॉनऐवजी ओपनएसएसएल या टर्मिनलवरून एन्क्रिप्टेड जोडणी करणाऱ्या साधनाने हाताने चाचणी करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. लॉगिनची माहिती सर्व्हरला बेस६४ (माहिती साध्या अक्षर-अंकांत मांडण्याची पद्धत) रूपात द्यावी लागते आणि ती तयार करताना टर्मिनलवरची एको ही आज्ञा शेवटी एक अदृश्य नवी ओळ जोडते. पासवर्ड अक्षरशः बरोबर असूनही ५३५ का येतो, हे शोधण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली होती. एकोऐवजी नवी ओळ न जोडणारी प्रिंटएफ ही आज्ञा वापरताच पहिल्याच प्रयत्नात २३५ आला. शिवाय बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. डीबग चालू ठेवल्यावर छापल्या जाणाऱ्या संवादात ही माहिती दिसते आणि कोणालाही ती क्षणात उलगडता येते, त्यामुळे मदत मागताना तो संवाद जसाच्या तसा कोणाला पाठवू नये.

पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड पाठवणेही धोक्याचे आहे, कारण अनेक सेवा अशा खात्याचे लॉगिन काही काळ रोखून धरतात. चाचणी एका वेळी एकदाच करावी, उत्तर वाचावे आणि मगच पुढचा बदल करावा.

लॉगिन झाल्यानंतर पहिले पत्र स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावे. पाठवणाऱ्याचा पत्ता लॉगिन केलेल्या खात्याचाच ठेवावा, आणि यादी मोठी असल्यास साध्या जीमेल खात्याची दिवसाला ५०० प्राप्तकर्त्यांची मर्यादा ध्यानात ठेवावी. गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात, त्यामुळे सोसायटीचे सचिव बदलल्यावर नव्या सचिवांनी मुख्य पासवर्ड बदलून नवा अ‍ॅप पासवर्ड तयार करावा आणि बिलांच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी हीच चाचणी पुन्हा चालवून २३५ येतो का, ते पाहावे.