तोयपुरीनाचं ते भाषण प्रबंधात घालण्याआधी

कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश मिशनांमधल्या आदिवासी स्त्रियांवर संशोधन करायचं म्हणून अर्ज भरणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हे लिहितेय. १७६९ ते १८२३ या काळातली २१ मिशनं, फ्रान्सिस्कन पाद्री, मिशनांचा पाया घालणारे पाद्री हुनिपेरो सेरा यांना २०१५ मध्ये मिळालेलं संतपद हे तुम्ही वाचलेलं असेलच. त्यात वेळ घालवत नाही.

खरा सापळा तोयपुरीनापाशी आहे. ऑक्टोबर १७८५ मध्ये सॅन गॅब्रिएल मिशनविरुद्ध उठलेल्यांमधली ही तोंग्वा जमातीची तरुणी. तिच्या तोंडचं एक जळजळीत भाषण जिथेतिथे सापडतं. पाद्र्यांचा तिरस्कार, पूर्वजांची भूमी, सगळं त्यात आहे. वाचून अंगावर काटा येतो आणि पहिलं प्रकरण आपोआप त्याच्याभोवती रचलं जातं. माझंही तसंच रचलं गेलं आणि अख्खं सत्र त्यात गेलं. हे भाषण पसरलं १९५८ सालच्या एका लेखामुळे. बंडानंतरच्या चौकशीचे मूळ कागद मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांचा बारकाईने केलेला अभ्यास २००३ मध्ये छापून आला. मूळ कागदांत भाषण नाहीच. दुभाष्यामार्फत दिलेलं तिचं उत्तर लेखनिकाने तृतीय पुरुषात उतरवलंय: पाद्री आणि मिशनमधले बाकीचे तिच्या भूमीत येऊन राहिले, म्हणून तिला राग होता. बस. त्याच कागदांत बाप्तिस्मा झालेला आदिवासी निकोलास होसे बंडाच्या केंद्राशी दिसतो आणि त्याची तक्रार नाचांवरच्या बंदीची आहे.

यामुळे तोयपुरीना लहान होत नाही. कैदेत असताना, पकडणाऱ्यांच्याच प्रश्नांना तिने तेवढं उत्तर दिलं, हे मला त्या सजवलेल्या भाषणापेक्षा मोठं वाटतं. पुढे १७८७ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, नंतर एका स्पॅनिश सैनिकाशी लग्न, आणि १७९९ मध्ये सॅन हुआन बाउतिस्ताला मृत्यू. यावरून ‘अखेर ती शरण गेली’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. तुम्ही लिहू नका. नोंदवहीत तारीख असते, मन नसतं.

नोंदवह्यांचं म्हणाल तर हंटिंग्टन लायब्ररीने एक लाखाहून अधिक बाप्तिस्म्यांच्या नोंदी संगणकावर शोधता येतील अशा केल्या आहेत. मोठंच काम आहे ते. पण नावाने शोधायला गेलात तर मारियांच्या गर्दीत हरवाल. बाप्तिस्म्याचा क्रमांक आणि मिशनचं नाव ही जोडी धरा. क्रमांक त्या त्या मिशनपुरताच असतो, नुसत्या क्रमांकावर विसंबलात तर दोन बायकांचं आयुष्य एकत्र शिवून टाकाल. आणि निव्वळ डेटाबेसवर प्रबंध लिहिणं मला मुळीच पटत नाही. मूळ पान पाहाच.

मार्गदर्शक निवडताना नावाला भुलू नका. तुमच्या शेजारी बसून एक पान वाचणारा माणूस हवा. पुस्तकांची यादी धाडून गायब होणारे थोर लोक पुष्कळ आहेत.

लिपीला घाबरू नका. मोडी वाचलेली असेल तर अठराव्या शतकातल्या स्पॅनिश हस्ताक्षरातली जोडाक्षरं आणि संक्षेप महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांत बसतात. स्पॅनिश मात्र निघण्याआधी शिका.

दफनाच्या नोंदी जड जातील. लहान मुली आणि अविवाहित बायकांना रात्री ‘मोन्हेरीओ’ या खोलीत कोंडत. तिथे गर्दी आणि रोगराई असे. सलग वाचत बसू नका, कुणाशी तरी बोला. मन विटलं म्हणजे तुम्ही या कामाला नालायक, असं अजिबात नाही.

आणि इसाबेल मेडोजपर्यंत लवकर पोहोचा. कार्मेलच्या या रुम्सेन जमातीच्या स्त्रीने १९३० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ हॅरिंग्टनला ज्या आठवणी सांगितल्या, त्यात पाद्र्याने अत्याचार केलेल्या व्हिसेंता गुतिएरेसची हकीकत आहे. त्याची टिपणं स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेकडे आहेत. या स्त्रियांचे वंशज आजही तिथे राहतात. प्रबंधाचा आराखडा विद्यापीठात देण्याआधी त्यांच्याशी बोला, नंतर नव्हे. त्यांनी नको म्हटलं तर विषय बदलायची तयारी ठेवा.