इंग्रजी वाक्प्रचार पाठ आहेत, पण तोंडात येत नाहीत? या चुका टाळा

"सर, पाठ तर करून राहिलो, पण वेळेवर तोंडातून निघूनच नाही राहिलं." नागपुरात इंग्रजी शिकवताना ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. वही उघडून पाहिली की रोजचे वीस शब्द दिसतात, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. घोटाळा तिथेच आहे.

शब्द एकटा लिहू नका. आपलं 'करणे' सगळीकडे चालतं, चूकही करतो आणि गृहपाठही करतो. इंग्रजीत चूक 'मेक' होते, गृहपाठ 'डू' होतो. कडक चहा 'स्ट्रॉंग', पण जोराचा पाऊस 'हेवी'. परीक्षा आपण देतो म्हणून 'गिव्ह' म्हणतो; ब्रिटन-अमेरिकेत विद्यार्थी ती 'टेक' करतो. तेव्हा 'मिस्टेक म्हणजे चूक' असं न लिहिता 'आय मेड अ मिस्टेक' हे अख्खं वाक्य लिहा आणि खाली स्वतःची खरी चूक जोडा. माझी एक विद्यार्थिनी मेट्रोने बर्डीला उतरायची ती गप्पांच्या नादात झिरो माईलला पोचली. तिने तेच लिहिलं, 'आय गॉट ऑफ अ‍ॅट द राँग स्टेशन.' 'गेट ऑफ' तिला पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

दुसरी चूक खास आपल्या भागातली. 'मला समजून राहिलं' हे आपल्याला इतकं सहज येतं की इंग्रजीतही 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग', 'आय अ‍ॅम नॉट नोइंग' निघून जातं. नो, वाँट, बिलाँग, अंडरस्टँड ही क्रियापदं मनाची किंवा वस्तूची स्थिती सांगतात, त्यांना सहसा 'आयएनजी' लागत नाही. 'आय अंडरस्टँड' एवढंच पुरे. यासाठी आपली बोली मात्र सोडू नका, ती गोड आहे. फक्त ती इंग्रजीवर बसवू नका.

वाक्प्रचारांचा अर्थ कळला म्हणजे काम झालं असंही समजू नका. एका मुलाने साहेबांचे वडील वारले तेव्हा शोकसंदेशात 'किक द बकेट' वापरलं. शब्दकोशात अर्थ 'मरणे' होता, पण त्याचा सूर आपल्या 'खपला'सारखा आहे. तिथे 'पास्ड अवे' हवं होतं. प्रत्येक वाक्प्रचारापुढे तो कुणाशी बोलायचा, तेही लिहून ठेवा. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या कंपनीत परदेशी ग्राहकांशी बोलणार असाल तर 'आय पास्ड आउट' टाळा. आपण पदवी झाली म्हणतो, त्यांना तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटतं. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आता जुनाट वाटतं, 'इट्स पोअरिंग' जास्त कानावर पडतं.

आणि एवढं करूनही ऐनवेळी आठवत नसेल तर? हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं. म्हणून वीस शब्दांऐवजी पाच वाक्यं घ्या. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने वही झाकून ती मोठ्याने म्हणा. डोळ्यांनी वाचलेलं ओळखीचं वाटतं, पण बोलताना जीभ अडते. फुटाळा तलावावर फिरताना मैत्रिणीला सांगा, घरी आरशासमोर म्हणा, कसंही करा, पण आवाज निघू द्या.